ट्रॅम हवी, टोल नको

२००८च्या हिवाळ्यात ग्रेटर मँचेस्टरमधल्या मतदारांच्या घरी टपालाने मतपत्रिका आली. प्रश्न एकच होता: सुमारे ३ अब्ज पौंडांची ही वाहतूक योजना मान्य आहे का? योजनेत नवे ट्रॅममार्ग होते, जास्त बस होत्या, आणि कारवाल्यांसाठी गर्दीच्या वेळेचा टोल, म्हणजे कंजेशन चार्ज होता. ट्रॅम घेतो पण टोल नको, असं म्हणायची सोय नव्हती.

मी या गोष्टीकडे वळलो ते ॲश्टन-अंडर-लाइनमुळे. मँचेस्टरच्या पूर्वेचं हे जुनं कापूसगिरण्यांचं गाव आता महानगराचं उपनगर झालंय. ऑनसाइटला गेलो तेव्हा भाडं परवडतं म्हणून तिथे राहिलो आणि रोज पिवळ्या ट्रॅमने शहरात कामाला जायचो. ही ट्रॅम ऑक्टोबर २०१३मध्ये सुरू झाली. म्हणजे तशी कालपरवाच.

टोलसाठी दोन कडी आखली होती. बाहेरचं कडं एम-६० या मोटरवेचं, आतलं शहराच्या मध्यभागाभोवतीचं. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ ते ९:३०, शहराकडे जाताना बाहेरचं कडं ओलांडलं की २ पौंड, आतलं ओलांडलं की आणखी १. संध्याकाळी ४ ते ६:३० परत निघताना प्रत्येक कड्याला १. भर दुपारी फुकट, शनिवार-रविवार फुकट, उलट दिशेनेही फुकट. लंडनने २००३मध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरसकट ५ पौंड लावले होते. त्यापेक्षा मला हे डिझाइन जास्त हुशार वाटतं. पण ॲश्टन आहे एम-६०च्या जेमतेम बाहेर. इथून कारने शहराच्या मध्यात नोकरीला जाणाऱ्याला दिवसाचे पूर्ण ५ पौंड बसणार होते.

पैशाचं गणित असं: जवळपास निम्मी रक्कम सरकारचं अनुदान, उरलेलं कर्ज, आणि ते टोलच्या उत्पन्नातून फेडायचं. टोल २०१३मध्ये लागणार, आणि त्याआधी ८० टक्के सुधारणा झालेल्या असतील, असं आश्वासन होतं.

आता ॲश्टनच्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. त्याला ट्रॅम २०००मध्येच मंजूर झाली होती. जुलै २००४मध्ये खर्च फार वाढला म्हणून वाहतूकमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी निधी काढून घेतला. पुढे थोडे पैसे मिळाले, पण त्यात रूळ ड्रॉइल्सडेनपर्यंतच येणार होते, म्हणजे ॲश्टनच्या अलीकडेच थांबणार होते. उरलेला तुकडा या नव्या योजनेत टाकला गेला. बसची कथा आणखी जुनी. १९८६पासून लंडनबाहेरच्या बस मुख्यतः खाजगी कंपन्यांच्या मर्जीवर. मार्ग, वेळापत्रक, भाडं कंपनी ठरवणार. नफा नाही तो मार्ग बंद, नाहीतर सरकारी पैशावर चालवा. आणि मतदान होतंय कधी, तर लेमन ब्रदर्स बुडून तीन महिने होताहेत तेव्हा.

१२ डिसेंबरला निकाल लागला. ५३ टक्के मतदान, त्यात ७९ टक्के 'नाही'. दहापैकी सात विभागांचा होकार लागणार होता. एकाही विभागाने दिला नाही.

'लोकांना कार सोडवत नाही' असं म्हणून विषय संपवता येतो. मला ते पटत नाही. स्टॉकहोममध्येही टोलला आधी विरोधच होता. पण तिथे ऑगस्ट २००५मध्ये जादा बस सुरू झाल्या, जानेवारी ते जुलै २००६ टोल प्रयोग म्हणून लावला, आणि मत विचारलं सप्टेंबरमध्ये. रस्ते मोकळे झालेले लोकांनी डोळ्यांनी बघितले होते. निम्म्याहून थोडे जास्त 'हो' म्हणाले. एडिनबरोने फेब्रुवारी २००५मध्ये आधी विचारलं, तिथे साधारण तीन चतुर्थांश मतं विरोधात गेली. मँचेस्टरनेही एडिनबरोसारखंच केलं. आधी सुधारणा, मग टोल हे वचन दिलं, पण मत मागितलं दोन्हीच्या आधी.

गंमत पुढे आहे. २००९मध्ये दहा परिषदांनी मिळून दीड अब्ज पौंडांचा वाहतूक निधी उभारला आणि मोडलेल्या योजनेतले बरेच ट्रॅममार्ग त्यात घेतले. ॲश्टन, ईस्ट डिड्सबरी, ओल्डहॅम आणि रॉचडेलचे मध्यभाग, विमानतळ, सगळीकडे २०१४ संपेपर्यंत ट्रॅम पोचली. टोल गेला, पण खर्च कुठे जातोय? काही भाग सरकारी अनुदानातून आला, काही परिषदांवरच्या आकारणीतून, म्हणजे शेवटी घरोघरच्या काउन्सिल टॅक्समधून, आणि बाकी कर्ज ट्रॅमच्या तिकिटांतून फेडायचं ठरलं. सकाळी आठ वाजता एकटा माणूस कार घेऊन शहरात शिरतो, त्याला त्या शिरण्याचे वेगळे काही पडत नाहीत. त्याच वेळी ट्रॅममध्ये उभा असलेला माणूस मात्र तिकिटातून हप्ता भरतो. त्यात मीही होतो. कधीच कार न घेतलेल्या आजीबाईसुद्धा घरबसल्या वाटा उचलतात. टोल अन्यायाचा वाटला म्हणून पाडला, त्याच्या जागी आलेली ही वाटणी मला जास्त अन्यायाची वाटते. तिच्यावर मात्र कुणी मत मागितलं नाही.

आणि बस? त्या कंपन्यांच्याच हातात राहिल्या. मार्ग आणि भाडं सार्वजनिक यंत्रणेने ठरवायची व्यवस्था बी नेटवर्क या नावाने सप्टेंबर २०२३मध्ये महानगराच्या एका भागात सुरू झाली. ॲश्टनच्या टेमसाइड विभागात ती पोचली ५ जानेवारी २०२५ला.