जुनी जीप एका दमात का वळत नाही?

घाटातल्या हेअरपिनवर आजची छोटी हॅचबॅक सरळ वळून निघून जाते. त्याच जागी जुनी जीप अर्ध्यात अडते. मागे घ्यायचं, पुन्हा स्टीअरिंग पिळायचं, तोवर मागचे हॉर्न वाजवत बसलेले असतात. दोष ड्रायव्हरला नाहीतर जड स्टीअरिंगला दिला जातो. खरी अडचण पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, ग्रीसमध्ये बुडालेल्या एका जॉइंटमध्ये असते.

आधी थोडं दहावीचं गणित. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबी जीपचा व्हीलबेस 80 इंच आणि वळण्याची त्रिज्या साडेसतरा फूट. पुढे लँड रोव्हरचं 88 इंची मॉडेल 38 फुटांच्या वर्तुळात वळायचं, 109 इंची मॉडेलला 47 फूट लागायचे. व्हीलबेसला त्रिज्येने भागलं की बाहेरच्या चाकाच्या कोनाचं साइन मिळतं, ढोबळमानाने. तिन्ही गाड्यांचं उत्तर 22 ते 23 अंशांच्या मध्ये येतं. एक अमेरिकन, दोन ब्रिटिश, आणि कोन जवळपास तोच! म्हणजे लांब गाडीचं चाक कमी वळत नव्हतं. चाक तितकंच वळत होतं, गाडी मोठी होती.

मग चाक आणखी का वळवत नाहीत? साध्या रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढचं चाक फक्त वळतं आणि फिरतं. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये त्याला इंजिनाची ताकदही पोचवावी लागते, तीही वाकड्या वाटेने. त्यासाठीचा जुना उपाय म्हणजे हूकचा जॉइंट. आपल्या गॅरेजमध्ये ज्याला 'क्रॉस' म्हणतात, तो याच जॉइंटचा गाभा. याची खोड अशी, की कोनात असताना तो एकसारखा फिरत नाही. 30 अंशांवर चाकाचा वेग एका फेरीत दोनदा 13 टक्के कमी आणि दोनदा 15 टक्के जास्त होतो. कोन वाढवत नेला की हे झटके झपाट्याने वाढतात. आणि वळणाच्या आतलं चाक तर बाहेरच्यापेक्षा जास्तच वळलेलं असतं, त्यामुळे मर्यादा आधी तिथे येते.

1920च्या दशकात यावर दोन चांगली उत्तरं आली. फ्रान्समध्ये फेनाय आणि ग्रेग्वार यांचा ट्रॅक्टा जॉइंट, आणि अमेरिकेत आल्फ्रेड झेपाचा गोळ्यांवर चालणारा जॉइंट. दोन्ही कोनातही वेग एकसारखा ठेवतात. पण ते बनवायला अवघड आणि महाग होते. या महागाईनेच पुढचा इतिहास ठरवला, असं माझं मत आहे.

1940मध्ये बँटम कंपनीने अमेरिकन सैन्यासाठी पहिल्या 70 जीप बनवल्या. त्यातल्या 8 गाड्यांची मागची चाकंही वळायची. मागची चाकं पुढच्यांच्या उलट दिशेला तितकीच वळली की वळणाचा केंद्रबिंदू गाडीच्या मध्यावर येतो, म्हणजे हिशेबापुरता व्हीलबेस निम्मा होतो. घोडदळाला ही कल्पना आवडली होती. पण मग प्रत्येक गाडीला असे जॉइंट दोनऐवजी चार लागणार, आणि युद्धाच्या तयारीत नेमका त्यांचाच तुटवडा होता. गुंतागुंत वाढायची ती वेगळीच. शेवटी फक्त पुढची चाकं वळणारी जीपच लाखोंनी बनली. तिच्या ॲक्सलमध्येही वेगवेगळ्या प्रकारचे जॉइंट बसवले गेले.

1948च्या पहिल्या लँड रोव्हरमध्ये ट्रॅक्टा होता. काही वर्षांतच कंपनी स्वस्त हूक जॉइंटवर आली आणि पुढचा ड्राइव्ह गरजेपुरता जोडायची सोय दिली. डांबरी रस्त्यावर पुढचा ड्राइव्ह सुटा असला की जॉइंटचे झटके जाणवत नाहीत. हिशेबी तडजोड!

आता ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांच्या हातात काय उरतं? चाकाजवळच्या हाउसिंगवर एक स्टॉप बोल्ट असतो, चेक नटने आवळलेला. तो आत घेतला की चाक थोडं जास्त वळतं. 109 इंची गाडीचा कोन 22.7 वरून 25 अंशांवर नेता आला, तर 47 फुटांचं वर्तुळ 43 वर येईल. चार फूट ऐकायला कमी वाटतात, पण हेअरपिनवर तेवढ्यात एक रिव्हर्स वाचू शकतो. मात्र बहुतेक वेळा त्याआधीच टायर पाट्याला घासायला लागतो. रुंद टायर हौसेने बसवणाऱ्यांना तर उलट करावं लागतं, बोल्ट बाहेर काढून वळण कमी करावं लागतं. शिवाय पूर्ण वळलेल्या चाकावर, लो गिअरमध्ये जोर लावला, की क्रॉस तुटायची भीती सगळ्यात जास्त.

पाटे आणि क्रॉस या दोन्ही अडचणी एकदम सुटल्या त्या 1970च्या रेंज रोव्हरमध्ये: कॉइल स्प्रिंग, कायमचा फोर-व्हील-ड्राइव्ह आणि एकसारख्या वेगाचे जॉइंट. नंतर हीच मांडणी 1983च्या वन टेनमध्ये आली. आपल्याकडे महिंद्राने परवान्यावर बनवलेली सीजे-3बी मात्र 80 इंचांची आणि पाट्यांवरचीच राहिली.

तेव्हा अशा जीपचा बोल्ट फिरवण्याआधी दोन गोष्टी बघा. डांबरी रस्त्यावर पुढचा ड्राइव्ह सुटा आहे ना? जोडलेला राहिला तर गाडी वळायला विरोध करते, सरळ रेटते. आणि मोकळ्या मैदानात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण वर्तुळ मारा. दोन्ही वर्तुळं सारखी नसतील, तर दोन्ही बाजूंचे बोल्ट आणि स्टीअरिंगचे रॉड कोणीतरी कधीतरी कमीजास्त करून ठेवलेले असू शकतात. आधी ते जुळवून घ्या.