सप्त, शेवा आणि भाषांचे गोत्र

मेहकरच्या कचेरीत आलेला शेतकरी अर्ज, नक्कल, हुकूम, तालुका हे शब्द सहज उच्चारतो. हे सारे मूळचे अरबी. मोगल अमदानीत मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. फारसी दफ्तरांच्या वाटेने असे शब्द मराठीत रुळले. 'हुकूम' शब्दातील ह-क-म हाच धातू हिब्रूतील 'होखमा', म्हणजे प्रज्ञा, या शब्दात आहे. नीतिसूत्रांच्या ग्रंथात तो पदोपदी भेटतो. परंतु उसनवारी निराळी आणि रक्ताचे नाते निराळे.

असे नाते आहे काय? संत ऑगस्टीन हिब्रूला बाबेलपूर्वीची आद्यभाषा मानीत. निस्साचे संत ग्रेगरी यांना मात्र देवाने मानवाला शब्द पढवले ही कल्पनाच मान्य नव्हती. पुढे ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ साली गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले. हिब्रूचे नाव त्यांनी घेतले नाही, आणि ते योग्यच झाले.

डॅनिश पंडित हेर्मान म्योलर यांनी मात्र ते धाडस केले. इंडो-युरोपीय मूळभाषेत सेमिटिकसारखे कंठ्य ध्वनी असावेत, असे त्यांनी एकोणिसाव्या शतकातच सुचवले होते. १९११ साली त्यांनी दोन्ही कुळांचा तौलनिक कोशही काढला. त्यांचे समान कुळाचे मत बहुसंख्य विद्वानांनी स्वीकारले नाही. पण गंमत अशी की, १९२७ साली कुरिलोविच यांनी दाखवले की तसे ध्वनी हित्ती भाषेत खरोखरच टिकून आहेत. चुकलेल्या वाटेवर खरे नाणे सापडले! होल्गर पेडरसन यांच्या 'नोस्ट्रॅटिक' महाकुळाचा वाद तर अद्याप मिटलेला नाही.

राहता राहिला 'सात'. संस्कृत सप्त, लॅटिन सेप्तेम, हिब्रू शेवा, अरबी सब्अ. सात साक्रामेंतांवर प्रवचन करताना तरुणपणी आम्ही हे साम्य बाबेलचा पुरावा म्हणून ठासून सांगितले होते. आज ते धारिष्ट्य होत नाही. एका शब्दाने कुळ सिद्ध होत नाही. त्यासाठी ध्वनींचे नियमित अनुबंध हवेत. काही विद्वान तर हा शब्द प्राचीन काळी सेमिटिक शेजाऱ्यांकडून उसना घेतला असे मानतात. तसे असेल, तर आमचा अस्सल घरचा 'सात' हाही 'तालुक्या'सारखाच पाहुणा. केवळ काही हजार वर्षे आधी आलेला.