मधू दंडवते आणि कोकणची गाडी

१९७७ साली पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक देशाचे रेल्वेमंत्री झाले. मधू दंडवते यांनी १९७४च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना कामावर परत घेतले आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी बाकांवर दोन इंच फोम बसवला. समाजवादावरच्या कित्येक ठरावांपेक्षा हे दोन इंच मला मोलाचे वाटतात. जनता सरकार १९७९ मध्येच कोसळले, कोकणचा रेल्वेमार्ग रखडला. १९८९ मध्ये ते अर्थमंत्री, तर रेल्वे जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे. तिजोरी आणि रूळ दोन्ही समाजवाद्यांच्या हाती! १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय आपल्या नवी मुंबईत, बेलापूरला आहे. पुढच्याच वर्षी, पाच वेळा निवडून देणाऱ्या राजापूरने दंडवत्यांना पाडले. संपूर्ण मार्गावर गाडी धावली ती १९९८ मध्ये.