ग्वानो व्यापार, पेरूचा

पेरूच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर साचलेल्या समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचा (ग्वानोचा) खत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय व्यापार. सु. १८४० ते १८८० या काळात तो भरभराटीस आला. जगाला हवी असलेली वस्तू जवळजवळ एकट्याच्या हाती असूनही राष्ट्र निर्धन कसे होते, हे त्याच्या इतिहासावरून दिसून येते.

या किनाऱ्यावरील थंड हंबोल्ट प्रवाहात अँकोव्ही मासे विपुल असून त्यांवर पाणकावळे, पाणकोळी इ. पक्ष्यांचे प्रचंड थवे पोसले जातात. पाऊस जवळजवळ पडत नसल्याने विष्ठेतील नायट्रोजन धुऊन जात नाही. चिंचा बेटांवर तिचे थर ३० मी.हून अधिक जाडीचे होते. इंका राजवटीत विणीच्या हंगामात या बेटांवर पाऊल ठेवणाऱ्यास देहदंड असे, अशी नोंद गार्सिलासो दे ला व्हेगा याने केली आहे.

हंबोल्टने १८०४ मध्ये ग्वानोचे नमुने यूरोपात नेले. परंतु ब्रिटनमधील शेतीची मागणी सुरू झाली ती १८४० नंतर. साठे पेरू शासनाच्या मालकीचे असून विक्री परदेशी मक्तेदारांमार्फत होई. खोदाईचे जीवघेणे काम मुख्यतः करारबद्ध चिनी मजुरांकडून करवून घेण्यात आले. शासनाचे निम्म्याहून अधिक उत्पन्न ग्वानोतून येऊ लागले आणि त्याच्या तारणावर लोहमार्गांसाठी कर्जे काढण्यात आली. ग्राहक राष्ट्रेही निश्चिंत नव्हती : अमेरिकेने १८५६ मध्ये ग्वानोची निर्जन बेटे ताब्यात घेण्याची मुभा देणारा कायदा केला, स्पेनने तर १८६४ मध्ये चिंचा बेटेच बळकावली. लिमाला भाव ठरविता येत होता, पक्ष्यांचा वेग नव्हे. १८७० नंतर लवकरच चिंचाचे साठे संपले व १८७६ मध्ये पेरूने कर्जफेड थांबविली.

पुढे नायट्रेटवरून झालेल्या पॅसिफिक युद्धात (१८७९–८३) पेरूने तारापाका प्रांत गमावला. ते नायट्रेट चिलीच्या हाती गेले खरे. पण १९१३ मध्ये हाबर-बॉश पद्धतीने अमोनियाचे औद्योगिक उत्पादन सुरू होताच त्याचेही महत्त्व ओसरू लागले.

१९०९ मध्ये पेरूने स्वतंत्र ग्वानो कंपनी स्थापून पक्ष्यांचे रक्षण व देशी शेतीस अग्रक्रम हे धोरण स्वीकारले. ते उशिरा सुचलेले असले, तरी यशस्वी ठरले. मात्र १९५० नंतर निर्यातीच्या मत्स्यचूर्णासाठी पक्ष्यांचे खाद्य असलेल्या अँकोव्हीचीच मासेमारी सुरू झाली. १९७० मध्ये ती सु. १·२ कोटी टनांवर पोहोचली. १९७२ च्या एल् निन्योनंतर मासे व पक्षी दोन्ही झपाट्याने घटले.