सात इंच बाय दोन

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोटारीतला टेप मुका झाला. मोटार वडिलांनी २००४ साली घेतलेली. वडील गेले, पण आईने ती विकू दिली नाही. सासवडला आमचे जुने घर आहे. महिन्यातून एकदा तिला तिकडे न्यावे लागते, आणि दिवे घाट चढताना विविध भारती लागली नाही तर तिला प्रवास झाल्यासारखे वाटत नाही. तेव्हा दुसऱ्याच दिवशी दुकान गाठले. दुकानदार चटपटीत तरुण होता. आत डोकावून म्हणाला, "काका, आता मोठा स्क्रीनच टाका. डॅशबोर्ड थोडा कापावा लागेल, अर्ध्या तासाचं काम." मागच्या सीटवरून आई म्हणाली, "कापायचं काही नाही. घरी चल."

घरी आलो आणि फूटपट्टी घेऊन टेपच्या त्या भोकापुढे बसलो. रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. म्हणजे सात इंच बाय दोन. हे माप काही आमच्या मोटारीचे खासगी माप नव्हे. जर्मनीच्या प्रमाणसंस्थेने ते ठरवले आणि १९८४ साली ते आंतरराष्ट्रीय झाले. म्हणून तर मोटार एका देशाची, रेडिओ दुसऱ्याचा आणि बसवणारा माझ्यासारखा हौशी असला तरी चालते. पण या सात इंचांवर एकमत व्हायला पन्नासांहून अधिक वर्षे लागली, आणि तोवर कापाकापीच चालू होती.

आरंभ शिकागोचा. तिथे पॉल गॅल्विन नावाच्या गृहस्थांचा रेडिओच्या सुट्या भागांचा लहानसा कारखाना होता. १९३० साली अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचे संमेलन भरायचे होते. गॅल्विननी आपल्याच स्टुडबेकर मोटारीत रेडिओ बसवून घेतला आणि तेवढ्या लांब गाडी हाकीत गेले. प्रदर्शनात गाळा घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी बाहेरच गाडी उभी केली, रेडिओ मोठ्याने लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवला. मोटार आणि त्या काळच्या 'व्हिक्ट्रोला' या फोनोग्राफच्या नावाचे शेपूट जोडून त्यांनी नाव ठेवले मोटोरोला. पुढे कारखान्यालाही तेच चिकटले.

किंमत ११० ते १३० डॉलर. मंदीच्या त्या वर्षी ही रक्कम लहान नव्हती. आणि बसवण्याचा खटाटोप तर विचारू नका! रेडिओ डॅशबोर्डखाली लटकवायचा, जादा बॅटऱ्यांची पेटी पायाखालची जमीन उचकटून तिच्याखाली ठेवायची, आणि एरिअलची तार ओढायला छताचे अस्तर उसवायचे. शिवाय एंजिनाचे प्लग ठिणग्या टाकीत, त्या साऱ्या रेडिओत तडतडत. त्यांना गप्प करायला प्रत्येक प्लगच्या तारेत एकेक अवरोधक घालावा लागे. मोटार ही जन्मतःच रेडिओची वैरीण होती, असे म्हणायला हरकत नाही. रेडिओने चालकाचे लक्ष उडेल, म्हणून त्यावर बंदी घालण्याच्या सूचनाही अमेरिकेत झाल्या. १९३२ साली बर्लिनच्या ब्लाउपुंक्ट कंपनीने युरोपातला पहिला मोटार-रेडिओ काढला. त्याचे वजन पंधरा किलो होते!

जादा बॅटऱ्या कशासाठी? त्या वेळच्या काचेच्या व्हाल्व्हना दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागे आणि मोटारीची बॅटरी असे सहा व्होल्टची. ही दरी पुढे 'व्हायब्रेटर' या चिमुकल्या यंत्राने सांधली. लोखंडी पातीची फडफड विजेचा प्रवाह सेकंदाला शंभराहून अधिक वेळा तोडी-जोडी, आणि मग ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. जुन्या मोटारींच्या रेडिओत गाण्यामागे जो भुंगा गुणगुणे, तो हाच. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को या कंपन्यांनी नुसत्या ट्रान्झिस्टरांवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला आणि हळूहळू भुंगा उडाला.

याच क्रायस्लरने १९५६ मध्ये मोटारीत चक्क तबकड्या वाजवायचे यंत्र बसवले. बनवणारे होते लाँग प्लेइंग तबकडीच्या जन्माशी ज्यांचे नाव जोडले आहे ते पीटर गोल्डमार्क. तबकडी मिनिटाला सोळा-सतरा फेरे घेई, म्हणजे एक बाजू पाऊण तास तरी पुरे. काही वर्षांत ते बंद पडले. आपल्या रस्त्यांवर त्या सुईचे काय झाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी.

गॅल्विनना सुरुवातीला मदत करणाऱ्यांत विल्यम लिअर होते. तेच पुढे विमाने बनवू लागले. त्यांचीच आठ-पट्ट्यांची टेप १९६५ साली फोर्डच्या मोटारींत आली. फिलिप्सची चिमुकली कॅसेट १९६३ सालीच बर्लिनला दाखवली गेली होती. पुढे तिने लिअरच्या टेपला खाऊन टाकले.

आता माझा प्रताप. बिनपडद्याचा साधा रेडिओ आणला. बॅटरीची ऋण तार सोडली, टेपच्या दोन्ही कडांत पत्र्याच्या किल्ल्या सरकवल्या आणि ओढला तर तो लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला. मागे मात्र अरण्य! जोडणीच्या सॉकेटांचेही आंतरराष्ट्रीय माप आहे, एक काळे, एक तपकिरी. पण पूर्वीच्या कारागिराने मोटारीकडचे सॉकेटच छाटून तारा पिळून चिकटपट्टीत गुंडाळल्या होत्या. नव्या रेडिओची पिवळी तार सदैव वीज मागते, तांबडी किल्ली फिरवल्यावर, काळी मोटारीच्या धातूला. मी पिवळीला पिवळी, तांबडीला तांबडी जोडली. रेडिओ वाजला! मी विजयी मुद्रेने घरात गेलो. सकाळी पाहतो तो घड्याळ बारावर आणि लावलेली सारी केंद्रे पुसलेली. तिसऱ्या दिवशीही तेच.

भोकाच्या मापावर जग एक झाले, पण मोटारीच्या तारांचे रंग ज्याचे त्याचेच राहिले, हे तेव्हा कळले. बारा व्होल्टच्या बल्बाचे एक टोक मोटारीच्या उघड्या पत्र्याला लावले, दुसरे एकेका तारेला. किल्ली काढल्यावरही बल्ब पेटला तो तांबडीवर! दोन तारांची अदलाबदल केली आणि घड्याळ ताळ्यावर आले.

चिरंजीवांच्या नव्या मोटारीत ते भोकच नाही. सबंध डॅशबोर्डभर एक काच. गाणे, गारवा आणि मागे दिसणारे चित्र, सगळे तिच्याच हाती. बिघडले तर ती सबंध काच बदलायची, आणि तेही कंपनीच्याच दारी जाऊन. मी फूटपट्टी घेऊन गेलो होतो, तशीच परत आणली.

पुढच्या शनिवारी सासवडला निघालो. दिवे घाटाच्या चढणीला विविध भारती लागली. आई खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आवाज जरा कमी कर. हे एवढा मोठा लावत नसत."