ट्रॅक्टरच्या तेलात पाणी: ओल कोठून शिरते आणि कशी रोखावी

ब्रिस्टलच्या नैऋत्येस पसरलेला सॉमरसेट लेव्हल्स हा सखल शेतीप्रदेश २०१३-१४ च्या हिवाळ्यात कित्येक आठवडे पाण्याखाली होता. मचेल्नी गावाचे रस्ते बंद झाले आणि ये-जा नावेने करावी लागली. असाच प्रसंग ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी सांगली-कोल्हापूरकरांनी अनुभवला. पुरात बुडालेला ट्रॅक्टर कोणाच्याही नजरेत भरतो. गाळमिश्रित पाणी कोठवर पोहोचले हे ठाऊक नसल्याने सर्व तेले बदलेपर्यंत तो सुरू करू नये, हेही बहुतेकांना माहीत असते. न दिसणारी ओल मात्र पावसाळी हवेत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये गुपचूप शिरते.

या ओलीचा सारा दोष टाकीतल्या दवावर टाकण्याची रीत आहे. दिवसा टाकीतील हवा तापून प्रसरण पावते, रात्री ती आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. टाकीच्या थंड भिंतींवर तिचे पाणी होते. हे खरे आहे, पण त्याचे प्रमाण पाहावे. २० अंश सेल्सियसला पूर्ण दमट असलेल्या १ घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ असते, ५ अंशांना सुमारे ७ ग्रॅम. म्हणजे टाकीत १०० लिटर जागा रिकामी असली, तरी एका रात्रीत जमणारे पाणी जेमतेम १ ग्रॅम भरते. संपूर्ण हिवाळ्यात ते फार तर वाटीभर होईल. टाकी भरून ठेवण्याचा सल्ला योग्यच आहे. परंतु फिल्टरच्या वाटीत पुन्हा पुन्हा पाणी येत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे.

ते बहुधा साठवणीत सापडते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते आणि रात्री पिंप थंड झाले की बुचाच्या आट्यांतून तेच पाणी आत खेचले जाते. म्हणून पिंप छपराखाली ठेवावे. ते शक्य नसेल तर आडवे करून दोन्ही बुचे घड्याळातील ३ आणि ९ च्या जागी येतील असे ठेवावे, म्हणजे ती आतील तेलाखाली राहतात आणि त्यांतून हवा वा पाणी ओढले जात नाही. इंग्लंडमध्ये २०१० च्या नियमांनुसार शेतावर १,५०० लिटरहून अधिक इंधन साठवायचे असेल, तर टाकीभोवती तिच्या क्षमतेच्या ११० टक्के मावेल असा बांध लागतो. हा नियम तेल जमिनीत व ओढ्यात जाऊ नये यासाठी आहे. टाकीत पाणी जाऊ नये यासाठी नव्हे. झाकणाचे रबर व हवा घेणाऱ्या नळीचे तोंड ज्याचे त्यानेच तपासावे लागते.

पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. त्यामुळे मोठी टाकी तळाकडील तोटीच्या दिशेने किंचित उतरती असावी आणि ती तोटी नियमित उघडून पाणी काढावे. डिझेल ओतल्यावर लगेच ट्रॅक्टरमध्ये घेऊ नये, तळ निवू द्यावा. पाणी आणि डिझेल जेथे भिडतात तेथे जंतू व बुरशी वाढतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत साका फिल्टर तुंबवतो. जैवडिझेल मिसळलेले इंधन पाणी अधिक शोषते, त्यामुळे अशा इंधनाची साठवण लांबवू नये. जुना पंप थोडे पाणी कसेबसे सोसतो. नव्या कॉमन रेल इंजिनात मात्र दाब हजार बारच्या पुढे जातो आणि इंजेक्टरमधील फटी काही मायक्रॉनच्याच असतात. तेथे पाण्याचा थेंब वंगण तोडतो, गंज आणतो, प्रसंगी वाफ होऊन नोझलचे टोक फोडतो.

हायड्रोलिकची गोष्ट वेगळी. १९४६ ते १९५६ या काळात कोव्हेंट्रीत पाच लाखांहून अधिक तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये गिअरपेटी आणि लिफ्ट यांचे तेल एकच. गिअर दांड्याभोवतीचे रबर फाटले की पावसाचे पाणी थेट त्या तेलात उतरते. आजच्याही अनेक ट्रॅक्टरांत गिअर, ओले ब्रेक व लिफ्ट यांना एकच तेल पुरते. अशा तेलातील घटक पाणी धरून ठेवतात, त्यामुळे ते तळाशी न बसता दुधाळ रंग आणते. तोटी उघडून केवळ पाणी काढता येईल, ही आशा येथे फोल ठरते. तेल गरम असताना पूर्ण काढावे, फिल्टर बदलावा आणि दूषित तेल फार असल्यास थोडे नवे तेल फिरवून तेही काढून टाकावे.

शंका असल्यास तापलेल्या तव्यावर तेलाचा एक थेंब टाकावा. चर्रकन फुटला तर पाणी आहे. डोळ्यांना चष्मा हवा, आणि डिझेलवर ही परीक्षा कदापि करू नये.

नळ्यांच्या जोडांवरील धुळीच्या टोप्या, जॅकच्या दांड्याचे सील आणि पेटीचा ब्रीदर हे ओलीचे उरलेले दरवाजे. ट्रॅक्टर धुताना दाबाची पिचकारी यांवर रोखू नये. काम संपल्यावर जॅक शक्यतो आत घेऊन ट्रॅक्टर उभा करावा. बाहेर राहिलेला दांडा पावसात गंजतो, आणि तोच खडबडीत दांडा पुढच्या फेरीत सील कापतो.