शनवार तेली आणि तोरा

कोंकणांत शनिवारीं तेलाचा घाणा बंद ठेवणारी एक जमात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. लोक तिला 'शनवार तेली' म्हणत. हे बेने इस्रायल. शब्बाथ, सुंता व 'शेमा' ही प्रार्थना त्यांनीं जपली होती. हिब्रू ग्रंथ मात्र त्यांजपाशीं उरले नव्हते.

ग्रंथाचें वाचन रुजलें तें प्रार्थनामंदिरांमुळें. कंपनीच्या सैन्यांतील सामुएल इझिकिएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत पहिलें सिनेगॉग बांधिलें. बेने इस्रायल आपल्या बोलींत त्यास 'मशीद' म्हणत. पुढें १८७९ सालीं ठाण्यास 'शाआर हाशामाईम', म्हणजे स्वर्गद्वार, उभें राहिलें.

तेथील रीत अशी : शनिवारीं सकाळीं हस्तलिखित चर्मपत्राची गुंडाळी कपाटांतून बाहेर काढावयाची आणि तोराचा त्या आठवड्याचा भाग हिब्रूंत वाचावयाचा. असे ५४ भाग वर्षभरांत पुरे होतात. मात्र या वाचनास दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात.

परंतु ऐकलेलें समजावें कसें? जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनीं प्रार्थनापुस्तकें मराठींत आणिलीं. १८८० च्या सुमारास मुंबईंत अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर हरिदासी थाटाचीं मराठी कीर्तनें होऊं लागलीं. ग्रंथ हिब्रू राहिला. त्याचा अर्थ मराठींत घरोघर पोंचला.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलास गेलीं. पूर्वीं कोंकणांत माणसें होतीं, ग्रंथ नव्हता. आज तेथील कित्येक सिनेगॉगांत ग्रंथ आहे. पण तो उघडून वाचण्यास दहाजण जमतील कीं नाहीं, हीच विवंचना आहे.